दंडाची पावती फेकू नका

शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यावर घरातले कागद बघायला मागितले, की पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची एक पिशवी निघते. रेशनकार्ड, मतदान कार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, आणि पुष्कळदा तळाशी, घडीवर फाटत आलेली, वनखात्याची एक जुनी पावती. तिच्यावर बापाचं किंवा आज्याचं नाव असतं, गाव असतं, कंपार्टमेंट नंबर, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा क्रमांक असतो, राखीव वनात अतिक्रमण करून शेती केल्याचा शेरा असतो आणि भरलेल्या दंडाची रक्कम असते. ही पावती घरातली माणसं सहसा दाखवत नाहीत. आपल्यावर गुन्हा होता हे कशाला सांगायचं, असं त्यांना वाटतं.

वनहक्काच्या कामात मात्र त्या पेटीत याहून मोलाचा कागद क्वचितच असतो. २००६ चा वनहक्क कायदा विचारतो एवढंच, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून या वनजमिनीवर तुमचा ताबा आहे का? त्याला १९८० च्या किंवा १९९० च्या सुमाराची ही पावती थेट उत्तर देते. अमुक तारखेला अमुक माणूस अमुक कंपार्टमेंटमध्ये नांगर धरून होता, हे खुद्द वनखात्याच्या गार्डाने लिहून, सही करून दिलेलं आहे. ज्या कागदाने माणसाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आता त्याच्या बाजूचा साक्षीदार होतो.

आजोबांनी कसलेल्या जमिनीवर नातवाला दंड का भरावा लागला, हे कळलं तर या कायद्यातली कलमं आपोआप समजतात. म्हणून सुरुवात तिथून करू.

इंग्रजांनी साष्टी १७७४ साली घेतली आणि बाकीचं कोकण १८१८ साली पेशवाईबरोबर त्यांच्या हातात गेलं. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला त्यांना साग हवा होता. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, मग रूळ घाट चढून वर गेले आणि रुळांखालचे स्लीपर नि सरपण यांची भूक वाढतच गेली. १८६५ साली पहिला वन कायदा झाला, १८७८ साली दुसरा आणि त्याहून कडक. या दुसऱ्याने जंगलाचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. फरक असा लक्षात ठेवावा. संरक्षित जंगलात जे मना केलंय तेवढंच मना असतं. राखीव जंगलात जे परवानगीने दिलंय तेवढंच चालतं, बाकी सगळा गुन्हा. ठाणे जिल्ह्यात वनखात्याने राखीव जंगलावरच भर दिला.

जंगल राखीव कसं केलं जातं, हे नीट बघण्यासारखं आहे. सरकार आधी जाहीर करतं, की या चतुःसीमेतली जमीन राखीव करायची आहे. मग वन जमाबंदी अधिकारी नेमला जातो. तो जाहीरनामा काढतो: ज्यांचा कुणाचा या जमिनीवर हक्क असेल त्यांनी मुदतीत येऊन सांगावा. मुदत किमान तीन महिन्यांची. जो येऊन सांगत नाही, त्याचा हक्क संपला असं धरलं जातं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम ९ हेच सांगतं, आणि तो कायदा आजही लागू आहे. आता त्या काळातला ठाकराचा किंवा वारल्याचा पाडा डोळ्यांसमोर आणा. जाहीरनामा मूळ गावात लागलेला, पाडा तिथून दोन-तीन मैल डोंगरात. वाचणारं कुणी नाही. शेताला कागद नाही, कारण त्या शेताला कागद लागतो हेच कधी कुणी सांगितलं नव्हतं. अशा ठिकाणी तीन महिने गेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कायद्याच्या पुस्तकातून पुसली गेली. जमीन तिथेच होती, माणसंही तिथेच होती. बदललं ते एवढंच, की आता ती ‘अतिक्रमणदार’ होती.

हे फक्त जमिनीपुरतं राहिलं नाही. राबाचं उदाहरण घेऊ. कोकणात भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर राब भाजतात. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, वाळलेलं गवत आणि झाडांचे टहाळ यांचे थर रचायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, हळूहळू मुरत जाते. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, राख मिळते आणि पहिल्या पावसात रोप जोमाने उठतं. यासाठी टहाळ तोडावे लागतात, आणि ते वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवरून किंवा जंगलातून आणायचे अशी शेकडो वर्षांची रीत. वनखात्याला ही जंगलाची नासाडी वाटली. टहाळांवर बंदी आणि दंड सुरू झाले. त्यावर ठाणे जिल्ह्यात एवढा असंतोष उठला, की १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या जंगलविषयक तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला आणि काही सवलती मिळाल्या. पण सवलत आणि हक्क यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. देणारा सवलत कधीही काढून घेऊ शकतो.

कातकऱ्यांचं नुकसान सगळ्यात खोल झालं. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा व्यवसाय, त्यांचं नावच त्यावरून पडलेलं. खैर सरकारी झाला आणि कात संपला. डोंगरउतारावर झुडपं तोडून-जाळून नागली-वरी पिकवण्याची दळी शेतीही गुन्हा ठरली. पुढे कोकणात काही कुटुंबांना वनखात्याने दळीचे प्लॉट कसायला दिले, काहींना एकसाली, म्हणजे एकेका वर्षाच्या बोलीवर. पण मालकी कधीच नाही. हातात ना धंदा ना जमीन, मग उरली मजुरी. आज दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबं दिसतात, त्या वाटेची सुरुवात इथे आहे.

स्वातंत्र्य आलं तरी १९२७ चा कायदा राहिला. वर १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९८० चा वन संवर्धन कायदा आला. जंगल वाचवायचा हेतू चांगलाच होता, पण त्या जंगलात आधीपासून कोण राहतं, हा जुना हिशेब कुणी पुरा केला नाही. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव १८९२ साली झाला, नंतर भातसा धरण झालं. आज ठाण्यात नळाला येणाऱ्या पाण्यातलं मोठं पाणी शहापूरच्या डोंगरांतून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन झऱ्यापर्यंत उतरतात. हेही याच हिशेबातलं येणं आहे.

२००६ चा कायदा नेमकं काय म्हणतो

लोक म्हणतात, ‘सरकार आदिवासींना जंगलाच्या जमिनी वाटतंय.’ हे चूक आहे. हा कायदा जमीन वाटपाचा नाही, मान्यतेचा आहे. त्याच्या प्रास्ताविकेतच म्हटलंय, की वसाहतीच्या काळात आणि स्वतंत्र भारतातही जंगलं सरकारजमा करताना या लोकांचे पिढीजात हक्क नोंदवले गेले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. जे आधीपासून आहे ते आता लिहायचं, एवढंच काम. म्हणून २००५ नंतर नवीन जंगल तोडून केलेल्या शेतीला यात काहीही मिळत नाही.

कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, नियम १ जानेवारी २००८ ला आले आणि २०१२ साली त्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. जिल्ह्यातल्या बऱ्याच फायलींमध्ये अजून २००८ चे नियम धरून शेरे मारलेले दिसतात, तेव्हा दुरुस्त नियमांची छापील प्रत जवळ असलेली बरी.

वैयक्तिक हक्क म्हणजे प्रत्यक्ष कसत असलेली किंवा राहती जागा. कमाल मर्यादा ४ हेक्टर, म्हणजे साधारण ९ एकर ३५ गुंठे. ही मर्यादा आहे, हक्काचा आकडा नव्हे. दोन एकर कसत असाल तर दोनच एकर मिळणार. अनुसूचित जमातीच्या माणसाला २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर-आदिवासी वननिवासीला मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे वास्तव्य असल्याचं दाखवावं लागतं. ठाणे जिल्ह्यातले बहुतेक दावेदार वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कोकणा या जमातींचे. नवी मुंबईतल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी शहरासाठी संपादित झाल्या, तोही मोठा प्रश्न आहे, पण तो भूसंपादनाचा. या कायद्यात तो येत नाही. तसंच कातकऱ्याचं घर खाजगी मालकाच्या जागेवर असेल तर त्यालाही वनहक्क लागू होत नाही.

दावा कसा पुढे सरकतो

सगळं ग्रामसभेपासून सुरू होतं. ग्रामसभा आपल्यातूनच वनहक्क समिती निवडते: १० ते १५ जण, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश बायका. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात, पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, आणि ती करावीच. अख्ख्या ग्रामपंचायतीची सभा घेतली की पाड्यावरची माणसं मागच्या रांगेत गप्प बसतात. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड-भिवंडीचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. ठाणे, कल्याण, अंबरनाथ नाही. पण वनहक्क कायदा दोन्हीकडे चालतो.

वैयक्तिक दाव्याला नमुना ‘अ’, सामूहिक हक्कांना ‘ब’ आणि सामूहिक वनसंसाधनाला, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाला, ‘क’. अर्ज वनहक्क समितीकडे द्यायचा आणि तिची लेखी पोच घ्यायची. इथे पहिली चूक होते. ‘साहेबांकडे दिला’, ‘ग्रामसेवकाकडे दिला’, असं सांगणारी पुष्कळ कुटुंबं भेटतात, आणि त्या अर्जाचा कुठेच पत्ता नसतो. नियम स्पष्ट आहे: दावा घ्यायचा, फेटाळायचा किंवा बदलायचा अधिकार कुठल्याही एकट्या अधिकाऱ्याला नाही, मग तो कितीही वरचा असो.

पुरावे किमान दोन लागतात. कुठले, याची यादी नियम १३ मध्ये आहे आणि ती लोकांना वाटते त्याहून खूप मोकळी आहे. सरकारी कागद चालतात: दंडाच्या पावत्या, गुन्हा अहवाल, दळी किंवा एकसाली प्लॉटचे कागद, घरपट्टी, रेशनकार्ड, जनगणनेचे तक्ते, जुनी गॅझेटियर. ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर १८८२ साली छापलं गेलं, आणि आपल्या जमातीची शेती, जंगल, राहणी यांचं त्यातलं वर्णन दाव्याला जोडता येतं. जमिनीवरच्या खुणाही पुरावा असतात: बांध, दगडी ताली, खाचरं, विहीर, लावलेले आंबे-काजू, पूर्वजांची थडगी, देवाचं ठाण. आणि दावेदार सोडून दुसऱ्या वयस्कर माणसाचा जबाब, लिहून काढलेला.

हा जबाब कसा लिहिला जातो यावर बरंच अवलंबून असतं. ‘अर्जदार ही जमीन पूर्वीपासून कसत आहे’ हे वाक्य शंभर दाव्यांत तसंच्या तसं टंकलेलं असतं आणि म्हणून कुणी गांभीर्याने घेत नाही. त्याऐवजी आजीला बोलू द्यावं. कुठल्या ओढ्यापासून कुठल्या मोहापर्यंत शेत होतं, कुणाच्या लग्नाच्या वर्षी कुठला बांध घातला, नागली आधी कुठे पेरायचे, शेजारी कोण कसायचं. तिच्या शब्दांत लिहावं, वाचून दाखवावं, मग अंगठा घ्यावा. असा जबाब शेजारच्या दाव्याशी ताडून बघता येतो, आणि तीच त्याची ताकद. पावती आज्याच्या नावाची असेल तर वंशावळ जोडायला विसरू नये, नाहीतर ती पावती तुमची कशावरून, असा शेरा येतो.

पुढचा टप्पा स्थळपाहणीचा. समिती दावेदाराला आणि वनखात्याला लेखी कळवते. वन आणि महसूल खात्याच्या माणसांनी हजर राहून कागदावर सही करायची असते. ते आले नाहीत तर? नंतर ‘आम्ही हजर नव्हतो’ अशी हरकत त्यांनी घेतली, तर ग्रामसभा दावा फेरपाहणीसाठी समितीकडे परत पाठवते, आणि तेव्हाही ते आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम राहतो. त्यांना कळवलं होतं हे नोटिशीच्या पोचेवरून सिद्ध होतं. म्हणून ती पोच दाव्याच्या फायलीत पहिल्या पानावर लावावी.

मोजणीत जमीन कशी आटते

मंजूर झालेल्या दाव्यांतही सगळ्यात जास्त तक्रार असते ती क्षेत्राची. कसतो एक एकर, पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला बारा गुंठ्यांचा. याची कारणं बरीचशी मोजणीत सापडतात.

हातातल्या जीपीएस यंत्राला मोकळ्या आभाळाखालीही तीन ते पाच मीटरची चूक असते, झाडाखाली किंवा दरीत त्याहून जास्त. मोठ्या शेताला याने फारसं बिघडत नाही. लहान तुकड्याला बिघडतं. हिशेब करून बघा. २० गुंठे म्हणजे साधारण २,०२३ चौरस मीटर, म्हणजे ४५ मीटर बाजूचा चौकोन. मोजणारा बांधाच्या आतून चालला आणि प्रत्येक बाजूला तीन मीटर आत सरकला, तर उरतो ३९ मीटरचा चौकोन. तो १,५२१ चौरस मीटर, म्हणजे १५ गुंठे. पाच गुंठे नुसत्या चालण्यात गेले.

यावर उपाय साधा आहे. बांध हा शेताचाच भाग, त्यामुळे त्याच्या बाहेरच्या कडेने चालायचं. प्रत्येक वळणावर थांबायचं, यंत्राला एक-दोन मिनिटं स्थिर होऊ द्यायचं आणि मगच बिंदू घ्यायचा. नागमोडी कडेला दर आठ-दहा पावलांवर बिंदू घ्यावा, नाहीतर वळणं सरळ होतात आणि पोटातली जमीन कापली जाते. झाडाखालचा कोपरा असेल तर दोनदा मोजावा. शेवटी पट्टीने निदान दोन बाजू मोजून आकडा जुळतो का ते बघावं. दावेदार स्वतः पुढे चालला पाहिजे, यंत्र धरणारा मागे.

दुसरं कारण उपग्रहाच्या चित्राचं. २००५ च्या चित्रात शेत दिसत नाही, म्हणून दावा अमान्य, असे शेरे येतात. पण वरकस शेती चित्रात कशी दिसेल, हे आधी समजून घ्यायला हवं. उतारावरच्या तुकड्यात पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरी, मग तीळ किंवा खुरासणी, आणि पुढे काही वर्षं जमीन विसाव्याला सोडतात. त्या वर्षांत तिथे कारवी, गवत, झुडपं उठतात. वरून बघणाऱ्याला ते जंगलच दिसणार. शेतकऱ्याला ते विसावलेलं शेत असतं. नियमही हेच मानतो: उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याची जागा घेऊ शकणार नाही. हे वाक्य अपिलात शब्दशः मांडावं.

तिसरं कारण वेळेचं. डिसेंबर ते मे या काळात पाहणी ठेवली, की कातकरी दावेदार भट्टीवर असतो. त्याने उचल घेतलेली असते, मालक सोडत नाही, आणि फायलीवर ‘दावेदार गैरहजर’ लिहिलं जातं. पावसाळ्यात यंत्र आणि माणसं दोन्ही अडतात. त्यामुळे योग्य काळ एकच: भातकापणी सुरू झाल्यापासून माणसं भट्टीवर निघेपर्यंतचे तीन-चार आठवडे. ग्रामसभेने तारीख गणपतीच्या सुमारासच ठरवून नोटीस पाठवली तर हे जमतं.

मोजणी झाली, की समितीचा अहवाल ग्रामसभेसमोर येतो. सभेला किमान निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, आणि ज्यांच्या दाव्यांवर ठराव होणार त्यांतले निदान निम्मे दावेदार हवेत. कोरम भरला नाही तर पुढे वर्षभराचं काम एका शेऱ्याने परत येतं. सह्या-अंगठ्यांची यादी ठरावालाच जोडलेली असावी, वेगळ्या वहीत नको.

प्रांतांकडे, जिल्ह्याकडे आणि कोकण भवनात

ठराव उपविभागीय समितीकडे जातो, तिचे अध्यक्ष प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. ती तपासून जिल्हास्तरीय समितीकडे पाठवते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, कचेरी ठाण्याला कोर्टनाक्याजवळ. ग्रामसभेच्या ठरावावर नाराजी असेल तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागायची, तिच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे.

हे ६० दिवस बहुतेकांचे वाया जातात, कारण दावा फेटाळला हेच त्यांना कळवलेलं नसतं. कुठेतरी यादी लागते, पाड्यावर कुणी येत नाही. जाहीरनाम्याची जुनीच गत. नियमाप्रमाणे दावा नाकारताना किंवा क्षेत्र कमी करताना सविस्तर कारणं लेखी द्यावी लागतात, दावेदाराला कळवावं लागतं, बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि केवळ तांत्रिक कारणावरून दावा फेटाळता येत नाही. तेव्हा पहिलं काम, निर्णयाची नक्कल लेखी मागणे. ती मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज. अपिलात निर्णय कधी कळला ती तारीख स्पष्ट लिहावी.

अनुसूचित क्षेत्रासाठी २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेने आणखी एक पायरी आली: विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची विभागीय समिती. जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या वैयक्तिक दाव्याचंही अपील तिथे होतं. आपल्या विभागाचं आयुक्तालय सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे. शहापूरच्या माणसाला आसनगावहून ठाणे आणि ठाण्याहून पनवेलची गाडी धरून बेलापूर, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवून केलेला प्रवास. त्यामुळे तारखेला जाताना मूळ कागदांसोबत दोन झेरॉक्स संच, ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा नकाशा आणि ज्यांचा जबाब आहे ती वयस्कर व्यक्ती, हे सगळं एकाच खेपेत नेलेलं बरं.

दावा पूर्ण निकाली निघेपर्यंत कुणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम ४(५). सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ ला फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता, तो २८ फेब्रुवारीला स्थगित केला. त्या पंधरवड्यात पाड्यापाड्यांवर जी धास्ती बसली ती अजून पुरती गेलेली नाही. कुणी तोंडी ‘उठा’ म्हणालं तर लेखी मागावं.

येऊरचं थोडं वेगळं. तिथले वारली पाडे ठाणे महापालिकेच्या हद्दीत आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून. या कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं येतात, त्यामुळे ‘उद्यानात वनहक्क नाही’ हे म्हणणं टिकत नाही. अडतं ते ग्रामपंचायत नसल्यामुळे. ग्रामसभा कुणी भरवायची, हा घोळ सोडवण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे, दावेदाराची नव्हे. शनिवार-रविवारी बंगल्यांकडे गाड्या जातात त्या रस्त्याला लागूनच हे पाडे आहेत, आणि ठाण्यात जन्म गेलेल्या कितीतरी लोकांना त्यांची नावं माहीत नसतात.

वैयक्तिक पट्ट्याच्या घाईत सामूहिक हक्क मागे पडतात, आणि आमच्या मते हे फार मोठं नुकसान आहे. मोह, मध, बांबू, रानभाज्या, गुरचराई, मासळी, पाणवठे हे सगळं नमुना ‘ब’ आणि ‘क’मध्ये मागता येतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचा हक्क मिळवला. मोहाचं महत्त्व ठाण्याला कुणी सांगायला नको. इथे १८९२ साली इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता कायदा करून मोहाच्या फुलांवरच बंधन घातलं होतं, दारूच्या महसुलासाठी. उन्हाळ्यात घरात दाणा नसताना तीच फुलं उकडून खाल्ली जायची. याशिवाय कलम ३(२) प्रमाणे शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर. ‘फॉरेस्टमुळे रस्ता होत नाही’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं, तीन-दोनचा प्रस्ताव केला होता का?

पट्टा हातात आला की अंगठा देण्याआधी चार गोष्टी बघायच्या. नवरा-बायको दोघांची नावं आहेत का, कारण कायद्याने पट्टा दोघांचा असतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये किती लिहिलंय आणि ते ग्रामसभेच्या ठरावाशी जुळतं का. १ आर म्हणजे जवळजवळ १ गुंठा. नकाशात चारी बाजूंचे शेजारी आणि कंपार्टमेंट नंबर बरोबर आहेत का. आणि ‘अटींवर’ अशी कुठली जास्तीची ओळ घुसवलीय का. क्षेत्र कमी असेल तर पट्टा नाकारायची गरज नाही, तो घ्यावा आणि उरलेल्या क्षेत्रासाठी त्याच आठवड्यात लेखी अपील करावं.

हा पट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही, गहाण देता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. आदिवासीच्या साध्या सातबाऱ्याच्या जमिनीलाही परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आडवं येतं, वनपट्ट्याला तर वाटच नाही. तेव्हा ठाण्या-डोंबिवलीत बसून शहापूरकडचा ‘स्वस्त प्लॉट’ नोटरीच्या कागदावर घेणाऱ्याने आधी सातबारा काढावा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. आणि पट्टेदारानेही. वनहक्काची नोंद त्याच रकान्यात व्हायला हवी, ती तलाठ्याकडे आपोआप होईल असं धरून बसू नये. पट्ट्याची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि महिन्याभराने नवा उतारा काढून नाव आलंय का ते स्वतः बघावं. ती पोच मग त्याच पिशवीत, पावतीच्या शेजारी.